गुन्हा नोंदवला, पंचनामा झाला. मनाच्या जखमेचं काय?

अत्याचाराची बातमी आली की आपले कार्यकर्ते काय करतात, हे वेगळं सांगायला नको. गाडी काढतात, गाव गाठतात. पोलीस ठाण्यात ठाण मांडून अ‍ॅट्रॉसिटीची योग्य कलमं लावून घेतात. वैद्यकीय तपासणीचा कागद बघतात, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देतात, समाजकल्याण खात्याकडे अर्थसाहाय्याचा पाठपुरावा करतात, चांगला वकील शोधतात. ही यादी कुणी पुस्तकात वाचून केलेली नाही. चळवळीने ती ठेचा खात तयार केली आहे.

या यादीत एक गोष्ट मात्र अजून आलेली नाही. त्या घरातली माणसं रात्री झोपतात का, हे आपण विचारत नाही.

एक घर डोळ्यांसमोर आणू. नाव-गाव मुद्दाम घेत नाही, कारण असं घर तुमच्या तालुक्यातही असेल. घटनेला सहा महिने झाले आहेत. मोर्चे संपले, नेते येऊन गेले. ज्याला मारहाण झाली तो दादा आता संध्याकाळ झाली की पितो. त्याच्या बायकोचं डोकं आणि पाठ सतत दुखते; डॉक्टर पित्ताच्या गोळ्या देतात, कधी सलाईन लावतात. मोठ्या मुलीने कॉलेज सोडलं, कारण एसटी स्टँडची वाट आरोपीच्या घरावरून जाते. धाकटा मुलगा शाळेत कुणी मागून हात लावला तरी अंगावर धावून जातो. आणि ज्या चुलत्याने सगळं डोळ्यांनी पाहिलं, तो तारखेला कोर्टात जायचं टाळतो.

गाव प्रत्येकाला वेगळं नाव देतं. दारुडा झाला. बाईला बाहेरचं लागलं. पोरीला शिकायचंच नव्हतं. पोरगं वाया गेलं. साक्षीदार फुटला. आपणही कधी कधी हीच भाषा बोलतो. या पाच जणांना कदाचित एकाच जखमेने पाच ठिकाणी गाठलं असेल, हे आपल्या लक्षात येत नाही. ते लक्षात यावं, म्हणून हा लेख.

हे नाव कुठून आलं?

या जखमेला वैद्यकशास्त्रात आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पीटीएसडी’ हे नाव जास्त चालतं, आपणही तेच वापरू. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० साली आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत हा विकार पहिल्यांदा या नावाने नोंदवला.

त्यामागचा इतिहास कार्यकर्त्यांनी जरूर लक्षात ठेवावा. व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक रात्री किंचाळत उठत होते, दारूत बुडत होते, घरात कुणाशी बोलत नव्हते. त्यांना ‘कमकुवत’ ठरवलं जात होतं. त्याच काळात, १९७४ साली, बोस्टनमध्ये अ‍ॅन बर्जेस या परिचारिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या समाजशास्त्रज्ञ यांनी बलात्कारानंतर रुग्णालयात आलेल्या स्त्रियांच्या मनाची अवस्था नोंदवून प्रसिद्ध केली. माजी सैनिकांनी आणि स्त्री चळवळीने रेटा लावला तेव्हा कुठे डॉक्टरांनी मान्य केलं की दोष या माणसांच्या स्वभावात नाही, त्यांच्यावर जे गुदरलं त्यात आहे. म्हणजे हे नाव दवाखान्यात आलं ते संघटित माणसांमुळे.

लक्षणांचे चार गट

निदान करताना डॉक्टर चार प्रकारची लक्षणं पाहतात.

पहिला गट, घटना परत परत अंगावर येणं. वाईट स्वप्नं पडतात. जागेपणी अचानक तोच प्रसंग आत्ता घडतोय असं वाटतं. रॉकेलचा वास, मोटारसायकलींचा एकत्र आवाज, कुणाची तरी विशिष्ट शिवी एवढंही पुरतं. छाती धडधडते, घाम फुटतो. ही साधी आठवण नव्हे. आठवण मागच्या दिवसाची असते, इथे शरीराला तो दिवस आजच वाटतो.

दुसरा गट, टाळणं. ती वाट टाळायची, ते शेत टाळायचं, त्या विषयावर बोलणं टाळायचं. बोलायला लावलं की माणूस उठून जातो.

तिसरा गट, विचार आणि भावना बदलणं. ‘चूक माझीच होती’, ‘मी त्यांना वाचवायला हवं होतं’, ‘कुणावरच भरवसा ठेवता येत नाही’ असे विचार घट्ट बसतात. आनंद होत नाही, लेकरांबद्दलही माया दाटून येत नाही. घटनेतला एखादा महत्त्वाचा भाग आठवतच नाही.

चौथा गट, शरीर सतत पहाऱ्यावर असणं. झोप लागत नाही, लागली तरी खुट्ट झालं की उडते. माणूस दचकतो, चिडतो, दाराकडे तोंड करूनच बसतो. अभ्यासात किंवा कामात लक्ष लागत नाही.

हे सगळं महिन्याहून जास्त टिकलं आणि रोजच्या जगण्यात अडथळा आला, तर पीटीएसडीचा विचार होतो. पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणं, रडू येणं, सुन्न होणं हे नैसर्गिक आहे. तेवढ्यावरून कुणालाही आजारी ठरवू नये.

शिवाय एका माणसाचं चित्र दुसऱ्याशी जुळेलच असं नाही. २०१३ च्या पाचव्या निदानपुस्तिकेतल्या निकषांनुसार लक्षणांच्या किती वेगवेगळ्या जुळण्या पीटीएसडी ठरू शकतात, याचा हिशेब दोन संशोधकांनी मांडला होता. तो आकडा ६,३६,१२० निघाला. म्हणून ‘तो रडत तर नाही, मग त्याला काय झालंय’ हा प्रश्नच चुकीचा. एक जण रडतो, दुसरा गप्प होतो, तिसरा भांडतो.

सगळ्यांना होतो का? कधी होतो?

सगळ्यांना होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने अनेक देशांत पाहण्या झाल्या. त्यांतून दिसलं की सुमारे ७० टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी मोठा आघात सोसावा लागतो, पण पीटीएसडी होतो तो सुमारे ४ टक्क्यांना. माणूस चिवट असतो. मात्र आघात कोणता, यावर बरंच अवलंबून आहे. निसर्गाने केलेल्या आघातापेक्षा माणसाने जाणूनबुजून केलेल्या आघातानंतर हे प्रमाण जास्त असतं, आणि लैंगिक अत्याचारानंतर सर्वाधिक असतं. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये ते साधारण दुप्पट आढळतं.

आघातानंतरच्या वाटाही ढोबळमानाने चार दिसतात. बरेच जण हलतात, पण घसरत नाहीत. काही जण सुरुवातीला फार त्रासात असतात आणि काही महिन्यांत सावरतात. काहींचा त्रास वर्षानुवर्षं रेंगाळतो. आणि काहींना पहिल्या सहा महिन्यांत फारसं काही दिसत नाही, नंतर अचानक सगळं वर येतं.

ही चौथी वाट आपल्याला सर्वांत जास्त फसवते. घटनेच्या वेळी घरातली जी ताई खंबीरपणे सगळ्यांना सांभाळत होती, जिने पत्रकारांना मुलाखती दिल्या, ती वर्षभराने कोसळते. तोपर्यंत आपण पुढच्या गावात गेलेलो असतो.

तारखांचाही परिणाम होतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. दरवर्षी ११ जुलैला आपण अभिवादन करतो आणि ते केलंच पाहिजे. पण ज्यांच्या घरातला माणूस गेला, त्यांच्यासाठी तो दिवस जवळ येतो तसतशी झोप उडू शकते, चिडचिड वाढू शकते. वर्षदिन, कोर्टाची तारीख, आरोपीला जामीन मिळाल्याची बातमी, या तीन वेळी त्या घराला न विसरता भेट द्यावी.

एकटा येत नाही हा आजार

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पीटीएसडी सहसा एकटा येत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात कधी तरी पीटीएसडी झालेल्या पुरुषांपैकी ८८ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी ७९ टक्क्यांना किमान एक दुसरा मानसिक विकारही झालेला होता. जवळपास निम्म्यांना नैराश्याने गाठलं होतं. पुरुषांपैकी निम्म्यांना दारूची समस्या होती. आकडे अमेरिकेतले आहेत, पण ही जोडी जगभर दिसते.

सोबत काय काय येतं? नैराश्य: काहीच करावंसं वाटत नाही, भूक जाते, जगण्यात अर्थ वाटत नाही. चिंता आणि पॅनिकचे झटके: अचानक श्वास कोंडतो, आता मरणार असं वाटतं. दारू, तंबाखू, झोपेच्या गोळ्या. शरीराची दुखणी: डोकेदुखी, पाठदुखी, पोटदुखी, छातीत धडधड. तपासण्या नॉर्मल येतात म्हणून ती खोटी ठरत नाहीत. जवळचं माणूस गेलं असेल तर न सरणारं दुःख. काही जणांना आपण आपल्याच शरीराबाहेर आहोत, आजूबाजूचं खरं नाही असं वाटतं. गावात त्याला ‘अंगात येतं’ म्हणून मोकळे होतात. आणि या सगळ्यांत धोक्याचे म्हणजे आत्महत्येचे विचार.

हे एकमेकांत गुंतत कसे जातात, ते त्या घरातल्या दादाकडे पाहून समजेल. रात्री डोळा लागला की तोच प्रसंग दिसतो, म्हणून झोपेचीच भीती वाटते. दारू प्यायली की पहिले काही तास गुंगी येते, म्हणून तो पितो. पण दारूने पहाटेची झोप आणखी मोडते. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी चिडचिड वाढते, कामाला जाववत नाही, मजुरी बुडते. घरात भांडण होतं. मग स्वतःचीच लाज वाटते, माणूस लोकांत मिसळत नाही, आणि एकटेपणात नैराश्य वाढतं. आता यातली नुसती दारू सोडवायला गेलं तर मुळातली भीती तशीच राहते आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. नुसती पित्ताची गोळी दिली तर डोकं दुखतच राहतं. म्हणून उपचार करणाऱ्याला सगळं एकत्र सांगावं लागतं: काय घडलं, कधी घडलं, तेव्हापासून काय काय बदललं.

‘पश्चात’ म्हणायचं तरी कसं?

आघातोत्तर म्हणजे आघात होऊन गेल्यानंतरचा. आपल्या वस्त्यांच्या बाबतीत हा शब्दच अडतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली, गावंच्या गावं पडली. तो आघात भयंकरच होता. पण जमिनीचा कुणावर राग नव्हता आणि भूकंपाला जामीन मिळत नाही. जातीय अत्याचारानंतर मात्र आरोपी त्याच गावात असतो. पिठाची गिरणी, किराणा दुकान, मजुरी देणारं शेत, पाण्याची टाकी त्याच्याच लोकांच्या हातात असते. तडजोडीचे निरोप येत राहतात. अशा वेळी ताई रात्री दाराला दोनदा कडी लावून पाहते, तो आजार की शहाणपण?

दोन्ही असू शकतं. म्हणून अत्याचारग्रस्तांच्या बाबतीत उपचाराचं पहिलं पाऊल दवाखान्यात नसून सुरक्षेत आहे. पोलीस संरक्षण, गरज पडली तर स्थलांतर, मुलांच्या शिक्षणाची दुसरीकडे सोय, रोजगार. धोका जिवंत असताना ‘विसर आता, पुढे बघ’ म्हणणं क्रूरपणा आहे.

याला जोडून आणखी एक प्रश्न येतो. रोजचा जातीय अपमान, वसतिगृहातले टोमणे, गावाने टाकलेला बहिष्कार यांनी पीटीएसडी होतो का? प्रामाणिक उत्तर असं की अमेरिकन निदानपुस्तिकेच्या व्याख्येत जीवाला धोका, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार अशी घटना लागते. निव्वळ अपमान तिच्यात बसत नाही. पण म्हणून त्याने इजा होत नाही असं नाही. सततच्या भेदभावाचा नैराश्याशी आणि चिंतेशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. आणि आधीच झिजलेल्या मनावर मोठा घाव बसला तर सावरणं जड जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात ‘गुंतागुंतीचा पीटीएसडी’ असं वेगळं निदान आलं आहे. ज्यातून सुटका नाही असा आघात वारंवार होत राहिला की भावना आवरत नाहीत, आपण कवडीमोल आहोत असं पक्कं वाटतं आणि माणसांशी नातं टिकत नाही, याची दखल त्यात घेतली आहे. आपल्याला हे वाचून आश्चर्य वाटणार नाही.

साक्षीदार खरंच फुटला का?

कोर्टात या जखमेची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. जिवावर बेतलेल्या क्षणी मेंदू साध्या दिवसासारख्या नोंदी करत नाही. धोक्याची घंटा वाजवणारा भाग जोरात काम करतो आणि घटनांचा क्रम, वेळ, जागा नीट लावणारा भाग मागे पडतो. परिणाम असा की हल्लेखोराच्या हातातलं कडं लख्ख आठवतं, पण आधी कोण आला आणि नंतर कोण, हे सांगताना गोंधळ होतो. पोलिसांपुढे एक क्रम सांगितला जातो, कोर्टात दुसरा. बचाव पक्षाचा वकील याच फटीत पाचर मारतो.

त्यातच टाळणं हे आजाराचंच लक्षण. चुलता तारखेला येत नाही, तेव्हा त्याला पैसे मिळाले असतील असा संशय आपणच आधी घेतो. तसं घडतंही. पण कधी कधी त्याला फक्त त्या कोर्टाच्या आवारात आरोपींसमोर उभं राहणं झेपत नसतं. अशा वेळी त्याच्यावर ओरडण्याऐवजी आदल्या दिवशी त्याच्या घरी जाऊन बसावं, सोबत गाडीतून न्यावं, वकिलांकडून कोर्टात काय होतं ते आधी समजावून घ्यावं. वर्षभर जमेल तेवढे उपचार झाले तर साक्षही अधिक स्थिर होते. डॉक्टरांच्या उपचारांचा कागद खटल्यात मानसिक इजेचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडू शकतो. त्याबद्दल वकिलांशी बोलावं.

आणि आपण कार्यकर्ते?

निदानपुस्तिकेने आणखी एक गोष्ट मान्य केली आहे. कामाचा भाग म्हणून आघाताच्या तपशिलांना वारंवार सामोरं जाणाऱ्यांनाही पीटीएसडी होऊ शकतो. सत्यशोधन समितीत जाणारे, शवविच्छेदनगृहाबाहेर रात्र काढणारे, पीडितेचा जबाब लिहून घेणारे आपले तरुण नेमके यात येतात. तीन गावं करून आल्यावर जेवण जात नाही, बायकापोरांवर विनाकारण आवाज चढतो, ‘काही होणार नाही या समाजाचं’ असं वाटू लागतं, तेव्हा निष्ठा कमी झालेली नसते. मन थकलेलं असतं. एकट्याने गावात जाऊ नये. परत आल्यावर दोन-तीन साथींनी एकत्र बसून बोलावं. सलग सगळ्या प्रकरणांत एकाच माणसाला पाठवू नये.

आणि मृतदेहांचे, मारहाणीचे फोटो-व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं थांबवावं. पुरावा वकिलाकडे आणि तपास अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. तोच व्हिडिओ फिरत फिरत त्या घरातल्या मुलीच्या मोबाइलवर पोहोचतो, याचा विचार आपण करत नाही.

काय करावं, काय करू नये

पहिल्या आठवड्यात कुणालाही ‘सगळं सविस्तर सांग, मन मोकळं कर’ म्हणून भाग पाडू नका. एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याने फायदा होत नाही, काहींना अपायच होतो, असं संशोधनातून दिसलं आहे. पोलिसांना, डॉक्टरांना, वकिलांना सांगावंच लागतं. त्यानंतर प्रत्येक शिष्टमंडळापुढे, प्रत्येक कॅमेऱ्यापुढे तेच सांगायला लावू नका. एका कार्यकर्त्याने नीट लिहून घ्यावं आणि बाकीच्यांनी ते वाचावं.

जेवण, पाणी, औषध, झोपायला सुरक्षित जागा, मुलांजवळ ओळखीचं माणूस, हीच पहिल्या दिवसांतली मानसिक मदत. बोलले तर ऐका. नाही बोलले तर नुसते बसा.

महिन्यानंतर पुन्हा जा आणि साधे प्रश्न विचारा. ‘ताई, झोप लागते का?’ ‘तेच तेच डोळ्यांसमोर येतं का?’ ‘कुठे जायचं टाळता का?’ ‘दचकायला होतं का?’ ‘आपलीच चूक झाली असं वाटत राहतं का?’ यातल्या बहुतेक प्रश्नांना ‘हो’ आलं तर डॉक्टरांकडे न्यायची वेळ झाली. ‘जीव नकोसा वाटतो का?’ हेही विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ असेल तर त्या रात्री एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्या दुसरीकडे हलवा आणि लगेच वैद्यकीय मदत घ्या.

उपचार आहेत आणि ते चालतात. आघातावर केंद्रित असलेल्या समुपदेशनाच्या पद्धती आहेत. त्यांत प्रशिक्षित तज्ज्ञासोबत, सुरक्षित वातावरणात, हळूहळू त्या आठवणीकडे जायला शिकवतात. सर्ट्रालिनसारखी औषधंही मदत करतात. ती परिणाम दाखवायला काही आठवडे घेतात, म्हणून चार दिवसांत सोडू नयेत. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्यांवर मात्र भिस्त ठेवू नये. त्यांची सवय लागते आणि मूळ त्रास जात नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नये. झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं.

विपश्यनेबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्याकडे पहिला सल्ला बहुधा तोच असतो: ‘दहा दिवस इगतपुरीला जाऊन ये, मन शांत होईल.’ हेतू चांगला असतो. पण दहा दिवस मौन, डोळे मिटलेले आणि सगळं लक्ष शरीरातल्या संवेदनांवर, हे ताज्या आघाताच्या माणसाला झेपेलच असं नाही. त्याच शरीरात ती घटना साठलेली असते. काहींचा त्रास वाढतो. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराविषयी विचारतात, ते उगाच नव्हे. तिथे काही लपवू नये. आधी उपचार, थोडी स्थिरता, आणि मग डॉक्टरांना विचारून थोड्या वेळाचं आनापान, हवं तर डोळे उघडे ठेवून, असा क्रम बरा.

पटाचारेची कथा आपण विहारात ऐकतो. नवरा, दोन्ही लेकरं, आईवडील, भाऊ, सगळं एका फटक्यात गेलं आणि ती भान हरपून रस्त्यांवर फिरू लागली. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते. बुद्धांनी तिला जवळ येऊ दिलं, स्मृतीवर ये असं म्हटलं, कुणीतरी अंगावर टाकायला वस्त्र दिलं, तिचं ऐकून घेतलं गेलं. उपदेश त्यानंतर झाला. आणि हीच पटाचारा पुढे भिक्षुणी संघात लेकरं गमावलेल्या कितीतरी स्त्रियांचा आधार झाली. आपण मात्र पुष्कळदा उपदेशापासूनच सुरुवात करतो.

कायदा आपल्या बाजूने आहे

अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली मोठी सुधारणा झाली. तिच्यात ‘पीडित’ या शब्दाची व्याख्या आली. शारीरिक आणि आर्थिक नुकसानीसोबत मानसिक आणि भावनिक इजा झालेला माणूसही पीडित आहे, आणि त्याचे नातेवाईकही त्या व्याख्येत येतात. पीडितांना संरक्षण, तपास आणि खटल्याच्या काळात प्रवास व निर्वाहखर्च, सामाजिक-आर्थिक पुनर्वसन आणि स्थलांतर यांची तरतूद आहे. सामाजिक कार्यकर्त्यांची आणि संस्थांची मदत घेण्याचा हक्कही कायद्याने दिला आहे. म्हणजे आपण तिथे उपरे नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांमधून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. तरी वस्तुस्थिती अशी की २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना राहतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची सोय असते, तिथे केसपेपर काढता येतो. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहायला एक खडू पुरतो.

यापुढच्या प्रत्येक निवेदनात आपण एक ओळ वाढवू शकतो: पीडित कुटुंबातल्या प्रत्येक सदस्याची जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी व्हावी आणि उपचारांचा व प्रवासाचा खर्च शासनाने करावा. मागितल्याशिवाय आपल्याला आजवर काही मिळालेलं नाही.

काही जण म्हणतील, अन्यायाचं दुखणं डॉक्टरकडे कसलं नेता, न्याय मिळू द्या. न्याय हवाच, गोळीने तो मिळत नाही. पण न्यायाला वेळ लागतो आणि तोपर्यंत माणूस टिकावा लागतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भैयालाल भोतमांगे यांनी पत्नी सुरेखा, मुलगी प्रियांका आणि मुलगे रोशन व सुधीर यांना गमावलं. त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ ते लढत राहिले आणि जानेवारी २०१७ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या मनात काय चाललं होतं, त्याला नाव द्यायचा अधिकार आम्हाला नाही. पण एक प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारतो. त्या दहा वर्षांत आपण सगळ्यांनी त्यांना खटल्याबद्दल विचारलं. रात्रीच्या झोपेबद्दल किती जणांनी विचारलं असेल?

पुढच्या गावात जाल तेव्हा कलमं तपासा, पंचनामा तपासा, निवेदन द्या. आणि निघताना त्या घरातल्या प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारा, झोप लागते का. महिन्याने पुन्हा जा, आणि हेच पुन्हा विचारा.